माझं जुनं क्लॅरिनेट आणि पोलोग्राउंडची बरात

कप खाली ठेवा आधी. मागे हा किस्सा सांगत होतो तेव्हा आमच्या साडूंनी हसता हसता परीटघडीच्या धोतरावर चहा सांडला आणि दोष मला दिला. तशी मला दोष द्यायची लोकांना सवयच आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तो माझाच असतो. पण या प्रकरणात निम्मा दोष मी क्लॅरिनेटवर टाकतो. जुनं होतं ना! नवं घेतलं असतं तर हे रामायण झालंच नसतं.

मध्यप्रदेश नुकताच झाला होता. राजधानी कोणती? भोपाळ! आमच्या ताटातली जिलबी उचलून शेजारच्याच्या पानात वाढावी, तसं झालं इंदूरवाल्यांचं. आज हे खातं भोपाळला निघालं, उद्या ते. पोह्याच्या ठेल्यावर, दूधवाल्याकडे, देवळात, सगळीकडे एकच विचारणा. "तुमचं काय? निघाले की राहिले?" जो निघायचा त्याच्या घरी लोक भेटायला जायचे, तेही असे चेहरे करून की त्या बिचाऱ्यालाच शंका यावी, आपण नक्की बदलीवरच चाललोय ना?

मी, दिनकर जाधव, अशाच एका खात्यात क्लार्क. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, होळकरांच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, बिगुल वाजवायचे. फौज गेली, बिगुल गेला, मिशा राहिल्या. त्यांनी जाहीरच केलं होतं, "दिन्या, तुला जायचं तर जा. मी इंदूर सोडणार नाही. माझं प्रेतच निघेल इथून." आणि आबांची तब्येत अशी ठणठणीत की तेवढा दम सरकारने धरला नसता. बायकोचं, सुमनचं, माहेर पलीकडच्या गल्लीत. ती तोंडाने काही म्हणायची नाही. फक्त भोपाळचं नाव निघालं की त्या दिवशी भाजीत मीठ नसायचं. तेव्हा माझ्यापुरता प्रश्न सरळ होता. बदली टळली पाहिजे, मग काय वाट्टेल ते होवो.

आमचे बडे साहेब माथुरसाहेब. माणूस उमदा, पण संगीताचं वेड असं की फाईलवर सही करतानाही डावा हात टेबलावर ठेका धरून. एक दिवस चहाच्या वेळी म्हणाले, "अपन दफ्तर वालों की एक शौकिया गाने-बजाने की पार्टी बनाते हैं. हर शनिवार मेरे बंगले पर."

माझ्या शेजारी बसणारा कान्हेरे कानात पुटपुटला, "दिन्या, डोकं चालव. जे साहेबांच्या पार्टीत, ते साहेबांच्या मर्जीत. साहेब जिथे, ते तिथे. आणि साहेब इंदूर सोडत नाहीत."

बोलेपर्यंत कान्हेरेने पेटी पकडली. दुबेने तबला धरला. सतार गेली, झांजा गेल्या. अहो, चमचे वाजवायलासुद्धा माणूस ठरला! मी आपला बघतोय. तेवढ्यात साहेब म्हणाले, "मेरा तो सबसे प्यारा बाजा क्लॅरिनेट है. कोई बजाता है?"

एक हात वर गेला. बघतो तो माझाच!

"अरे वा, जाधव! छुपे रुस्तम निकले!"

"बस सर, थोडा-बहुत."

थोडा-बहुत! क्लॅरिनेट वाजवणं सोडा, मी ते जवळून पाहिलेलंही नव्हतं. लहानपणी आबांनी बिगुलावर एक धून शिकवली होती, तेवढी सोडली तर माझं फुंकणं चुलीपुरतं. पण साहेब खूश झाले होते, आणि खूश साहेब बदली करत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

आता क्लॅरिनेट आणायचं कुठून? राजवाड्यासमोर वाद्यांचं एक मोठं दुकान होतं, तिथे गेलो. दुकानदाराने लाल मखमलीची पेटी उघडली. आत काळंभोर, रुपेरी चाव्यांचं, कोरं करकरीत क्लॅरिनेट झोपलेलं. किंमत ऐकली आणि मी झाकण हळूच लावलं. म्हटलं, झोपू दे.

घरी सुमन म्हणाली, "नवंच घ्या. माझी पाटली मोडा हवी तर."

"अगं, जुनं स्वस्त मिळतं."

"जुनं? तोंडाला लावायची वस्तू ती! कुणाचं उष्टं आणणार घरात? आणि जुन्या वस्तूबरोबर आणखी काय काय येतं ते मागाहून कळतं. आमच्या मामांनी जुनं कपाट घेतलं, तर आत सबंध ढेकणांचं गोकुळ निघालं."

कान्हेरेचं मत वेगळं. तो म्हणाला, "लोणचं आणि लाकूड, दोन्ही मुरलेलं बरं. नव्या लाकडाला सूर शिकवावे लागतात. जुन्याला येतात." मला काहीच येत नसल्यामुळे दोघांपैकी एकाला तरी यावं, हे मला फार पटलं.

मग पत्ता लागला सियागंजच्या मागच्या गल्लीतल्या पन्ना मास्टरचा. लग्नात वाजवणारा बँड होता त्यांचा. खोलीभर पितळ, कोपऱ्यात ढोल, खुंट्यांवर लाल कोट. मास्टर म्हणजे सडपातळ, ताठ, बोलणं मऊ. त्यांचा एक क्लॅरिनेटवाला नागद्याच्या गिरणीत नोकरीला लागला होता आणि त्याचं क्लॅरिनेट विकायचं होतं.

"शौक के लिए चाहिए, कि बजाने के लिए?" मास्टरनी विचारलं.

शौक म्हटलं की किंमत चढणार. शौकीन माणसाला लुटायचा इंदूरमध्ये रिवाजच आहे. मी म्हटलं, "बजाने के लिए, मास्टर!"

"सबके साथ बजाओगे?"

साहेबांची पार्टी माझ्या डोळ्यांपुढे आली. "सबके साथ ही तो बजाना है!"

"अच्छे घर के लगते हो भिया. नौकरी?"

"सरकारी."

"फिर भी आओगे?"

शनिवारी साहेबांच्या बंगल्यावर गेलो नाही तर काय होईल ते मला माहीत होतं. मी सुस्कारा सोडला. "आना ही पड़ेगा मास्टर. मजबूरी है."

मास्टरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मजबूरी किसको नहीं होती." आणि हाक मारली. आतून ढोलवाला, झांजवाला, कर्ण्यावाले, सगळे बाहेर आले. नारळ फुटला. मला टिळा लावला. क्लॅरिनेटला लाल धागा बांधला, तसाच माझ्या मनगटाला. एकेकाने मला मिठी मारली आणि तोंडात बत्तासा कोंबला.

आता तुम्हीच सांगा, मला शंका का यावी? आपल्यात नवी सायकल आणली तरी हार घालतो, नारळ फोडतो. खंडेनवमीला आबा अजून भिंतीवरच्या गंजक्या तलवारीला झेंडू वाहतात. मी मनात म्हटलं, वा रे इंदूर! सेकंडहँड वस्तू घेतली तरी इथे एवढी पूजा. राजवाड्यासमोरच्या शेटजीने मिठी मारली असती का? आणि किंमत म्हणाल तर मी धरून चाललो होतो त्याच्या निम्मी. घासाघीस करायची वेळच आली नाही. मी स्वतःची पाठ थोपटतच घरी आलो. पाठीला हात पुरत नाही, तरी थोपटली.

सुमनने क्लॅरिनेट उंबऱ्याबाहेरच थांबवलं. तोंडाकडचा तुकडा काढून मिठाच्या पाण्यात उकळला, वर तुळशीचं पान ठेवलं आणि दुपारभर उन्हात ठेवला. त्यातली वेताची पट्टी वाळल्या भेंडीसारखी वाकडी झाली. ती नवी आणावी लागली. म्हणजे तेवढं तरी नवं घेतलं म्हणायचं.

संध्याकाळी मी पहिली फुंकर मारली. काय आवाज निघाला म्हणता! शेजारच्या गोखलेकाकू खिडकीतून डोकावल्या. "सुमन, घरात कोण अडलंय गं? सुईण बोलावू का?"

आबा आतून कडाडले, "तोंड आहे का फाटका फुगा? दिन्या, अब्रू काढतोस! तुला लहानपणी वापसी शिकवली होती ती वाजव. चार सूर आहेत, गाढवालाही जमतात."

वापसी म्हणजे रिसाल्याची संध्याकाळची धून. ती वाजली की स्वारांनी असतील तिथून वळायचं आणि लायनीत, म्हणजे आपल्या तळावर, परतायचं. लहानपणी मला खेळातून घरी बोलवायला आबा गच्चीवरून तीच वाजवायचे. मी ती क्लॅरिनेटवर धरून बघितली आणि काय चमत्कार! थोड्याच दिवसांत वापसी खणखणीत यायला लागली. आबांनी मिशीवरून हात फिरवला. बाकी काहीही वाजवायला गेलो की गोखलेकाकू खिडकीत.

माझं नशीब की साहेबांच्या घरी काहीतरी गडबड होती, म्हणून शनिवारची पहिली बैठक पुढे गेली होती. असं चाललं असताना एक दिवस पन्ना मास्टर घरी हजर. दारातूनच म्हणाले, "भिया, परसों बरात है. पोलोग्राउंड से निकलेगी. शाम को टाइम पे आ जाना. और हां, बाजा साथ लेते आना." चहाही न घेता गेले. लग्नघाईत असणार माणूस!

मी सुमनपुढे छाती काढून उभा राहिलो. "बघितलंस? जुनी वस्तू घेतली की माणसं जोडली जातात. घरच्या लग्नाला बोलवायला स्वतः आले."

"पण बाजा कशाला न्यायचा?"

"आग्रह होईल. एखादी चीज वाजवा म्हणतील. कलावंताच्या घरी कलावंत गेला की हे व्हायचंच."

तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. पण लग्नाचं बोलावणं म्हटल्यावर बायकांचे हात आपोआप चालू लागतात. तिने मुलाच्या आईसाठी खण काढला, नारळ काढला, नवरदेवासाठी जरीकाठी उपरणं काढलं. त्या दिवशी मी काळा कोट चढवला, टोपी घातली, एका काखेत आहेर, दुसऱ्या काखेत क्लॅरिनेट, आणि निघालो पोलोग्राउंडला.

तिथे एका कारखान्यामागच्या मैदानात बँड गोळा झाला होता. मास्टरनी मला बघितलं आणि म्हणाले, "आ गए! कोट उतारो."

मला वाटलं, गरम होतंय म्हणून काळजीने म्हणताहेत. "नहीं मास्टर, ठीक है."

"अरे उतारो भिया, वर्दी पहनो! टाइम नहीं है." आणि माझ्या अंगावर लाल कोट पडला. सोनेरी झालर, खांद्यावर झुपके, पाठीवर घामाचा नकाशा. नागद्याला गेलेला तो गृहस्थ माझ्या दुप्पट असावा. हात बाहीत घातला तो बाहेर आलाच नाही. टोपी नाकावर येऊन थांबली.

मी टोपीखालून आहेर पुढे केला. "मास्टर, ये भाभीजी के लिए. लड़के की मां के लिए."

"कौन भाभीजी?"

"आपके घर की शादी है ना?"

ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मास्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, "भिया, नारियल किसलिए फोड़ा था? धागा किसलिए बांधा? मैंने पूछा नहीं था, सबके साथ बजाओगे? तुम बोले, आना ही पड़ेगा, मजबूरी है!"

शब्द न् शब्द माझाच. कोर्टात गेलो असतो तरी हरलो असतो.

"बैंड का बाजा अकेला नहीं बिकता," मास्टर म्हणाले. "जो बाजा ले, वो जगह भी ले. बरसों का कायदा है अपना."

आता पेटला डोक्यात दिवा. म्हणून ती किंमत निम्मी! म्हणून त्या मिठ्या! मी क्लॅरिनेट घेतलं नव्हतं, क्लॅरिनेटने मला घेतलं होतं.

मी हात जोडले. म्हटलं, मास्टर, मी सरकारी नोकर. दुसरा धंदा करताना दिसलो तर नोकरीच जाते. आणि खरं सांगू का, मला वाजवताही येत नाही.

मास्टरनी कपाळावर हात मारला. पण माणूस समजूतदार. "सुनो. बजाना मत. मुंह से लगा के गाल फुलाते चलो. लाइन में जगह खाली दिखी तो लड़के वाले बीच रस्ते में झगड़ा करेंगे. इतने लोगों की रोटी है भिया."

काय करणार? आहेर ढोलाच्या पिशवीत ठेवला आणि रांगेत उभा राहिलो. टोपी नाकापर्यंत होती, गाल फुगवायचे होते, पोलोग्राउंडला मला ओळखणारं कोण होतं? आणि खोटं कशाला बोलू, गॅसबत्त्या पेटल्या, ढोल घुमला, बायका गच्चीवरून बघायला लागल्या, तशी मला मजाच यायला लागली. मी गाल असे फुगवले की एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "वो देखो, कितनी जान लगा रिया है!"

मास्टर माझ्या शेजारून चालत होते. मला जरा धीर यावा म्हणून म्हणाले, "घबराना मत. अपना पूरा बैंड पुराना फौजी है. होलकर सरकार का. ढोल वाला, झांझ वाला, सब. दूल्हे की घोड़ी तक रिसाले की है."

"वा वा!" मी म्हटलं.

तुमच्या डोक्यात पडला ना प्रकाश? माझ्या नाही पडला. टोपी होती ना वर.

बरात मुलीच्या दारी पोचली. मांडव, तोरणं, सनई, मुलीची आई आरतीचं ताट घेऊन उभी. आणि स्वागताला, गुलाबी फेटा बांधून, हातात हार घेऊन, अगदी पुढे कोण? माथुरसाहेब! त्यांच्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं ते.

गाल फुगवायचे विसरलो. एक पाऊल मागे सरकावं म्हटलं तर मागे झांजवाला. साहेब तर कान टवकारून आमच्याच रांगेकडे यायला लागले. त्यांचं सगळ्यात लाडकं वाद्य कोणतं, ते तुम्हाला माहीत आहे.

"मास्टर, रोको सबको!" साहेबांनी नोट काढून माझ्या टोपीवरून ओवाळली. "क्लॅरिनेट अकेला सुनेंगे!"

मास्टर गडबडले. "साहब, ये लड़का नया है..."

"नया-पुराना क्या होता है? हाथ में बाजा है तो बजाएगा!"

ढोल थांबला. सनई थांबली. सगळी बरात माझ्याकडे बघतेय. साहेब माझ्यापासून हातभर लांब. नाही म्हणायला तोंड उघडलं तर आवाज ओळखतील. गप्प राहिलो तर वाकून टोपीखाली बघतील. म्हणजे तिथल्या तिथे नोकरी गेली, आबा गेले, सुमनचं माहेर गेलं. देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि मला येत होतं ते वाजवलं.

वापसी.

काय वाजली म्हणून सांगू! आबांनी ऐकली असती तर मला पोटाशी धरलं असतं. चारही सूर अगदी स्वच्छ.

पहिल्यांदा ढोलवाल्याच्या टाचा जुळल्या. खाड्! मग झांजवाल्याच्या. मग सगळ्यांच्या. कुणी हुकूम दिला नाही, कुणी कुणाकडे बघितलं नाही. सगळा बँड जागच्या जागी अबाउट टर्न झाला, ढोल्याने कूचचा ठेका धरला आणि मंडळी निघाली परत. पन्ना मास्टर "अरे रुको, रुको!" ओरडत होते, पण त्यांचे स्वतःचे पायसुद्धा डावा-उजवा, डावा-उजवा पडत होते.

आणि घोडी! नवरीच्या दारात उभी असलेली ती घोडी मानेला झटका देऊन जागच्या जागी वळली आणि नवरदेवाला घेऊन दुडक्या चालीने निघाली लायनीकडे. नवरदेवाच्या तोंडावर फुलांचा सेहरा. त्याला काय दिसतंय? तो आपला ताठ बसलेला, मांडवात चाललोय या समजुतीत. गॅसबत्तीवाल्यांचं काम बँडबरोबर चालायचं. ते चालले. मुलीच्या दारात अंधार गुडुप! अंधारात नुसतं आरतीचं निरांजन, आणि त्यामागे मुलीच्या आईचं उघडं तोंड.

मी धावत सुटलो. कुठे? बँडच्या मागे! मागे साहेब होते ना!

पाठीमागून मुलीच्या वडिलांची किंकाळी आली, "अरे, लड़के वाले रूठ गए!"

झालं! आता वरपक्ष रुसला म्हटल्यावर मुलीकडची मंडळी थांबतात होय? वडिलांनी डोक्यावरची पगडी हातात घेतली आणि धावले. मागे काका, मागे मामा, मागे माथुरसाहेब, एका पायात जोडा, एक पाय अनवाणी. "क्या कमी रह गई समधीजी? कुछ तो बोलो!"

मुलाचे वडील म्हणजे नमुना. आधी तेही घोडीमागे "पकड़ो, पकड़ो!" करत धावत होते. पण "कमी" शब्द कानावर पडताच त्यांची चाल मंदावली. मग त्यांनी हात मागे बांधले. मग तोंड लांब केलं. बघता बघता माणूस खरोखरच रुसला!

घोडी थांबली ती थेट रस्त्याकडेच्या जुन्या हौदाशी. रिसाल्याची घोडी पाणी प्यायला तिथेच यायची. तिने मान खाली घातली आणि पाणी प्यायला लागली. ती थांबली तसा बँड थांबला. नवरदेवाने सेहरा बाजूला केला आणि विचारलं, "आ गए क्या?"

हौदाकाठी वाटाघाटी सुरू झाल्या होत्या. मुलाचे वडील आभाळाकडे बघत म्हणाले, "अब हम क्या बोलें. आप खुद समझदार हैं. लड़के को गाने सुनने का थोड़ा शौक है."

मुलीच्या वडिलांनी केविलवाण्या नजरेने माथुरसाहेबांकडे बघितलं. साहेबांकडे एक मोठा विलायती रेडिओ होता. इंदुरात तेव्हा तसे फार नव्हते. रोज ऑफिसातून गेले की त्याच्यासमोर बसायचे, मुलींनाही हात लावू द्यायचे नाहीत. साहेब हौदाच्या कडेला टेकले. धाप लागली होती. पडेल आवाजात म्हणाले, "हमारा रेडियो... अभी भेज देते हैं."

मुलाच्या वडिलांचं तोंड पूर्ववत झालं. घोडीनेही मान वर केली. मला तर वाटतं, तीसुद्धा रेडिओसाठीच अडून बसली होती.

सगळ्यांची पाठ फिरलेली बघून मी तिथून सटकायला वाकलो, आणि टोपी हौदात पडली. नको होतं ते केलं. सवयीने हात घालून ती काढली आणि उभा राहिलो तो नेमका गॅसबत्तीच्या उजेडात, साहेबांच्या समोर.

"जाधव?"

"जी सर."

साहेबांनी माझ्या लाल कोटाकडे पाहिलं. क्लॅरिनेटकडे पाहिलं. घोडीकडे पाहिलं. आणि लंगडत निघून गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो!

पन्ना मास्टरनी शांतपणे माझ्या हातातलं क्लॅरिनेट काढून घेतलं. मनगटावरचा धागा तोडला. पैसे परत केले. वर म्हणाले, "वापसी बजाई बढ़िया. कसम से, बरसों बाद सुनी." आणि बरात पुन्हा वळवून घेऊन गेले. आहेर ढोलाबरोबर गेला तो गेलाच.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सुमन मटकन खाली बसली. रडायचं का हसायचं, तिला ठरवता येईना. आबांनी मात्र डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "घोडी वळली कुठून? डावीकडून का उजवीकडून?"

"डावीकडून."

"मग बरोबर वळली," म्हणाले, आणि जेवायला बसले.

मला कुठलं जेवण जातंय! सरकारी नोकर, दुसऱ्या धंद्यात पकडलेला, वर साहेबांच्या भाचीची बरात पळवलेली, वर रेडिओ! भोपाळ तर सोडाच, मला बस्तरच्या जंगलात पाठवतील असं वाटायला लागलं. ऑफिस उघडलं त्या दिवशी मी देवाला नमस्कार केला, आबांच्या पाया पडलो आणि गेलो. साहेबांचं बोलावणं आलेलंच होतं.

साहेब खुर्चीत बसले होते. टेबलावर ठेका नव्हता. हात नुसता पडलेला.

"जाधव, ऊपर से हुकुम आया है. पूरा दफ्तर भोपाल जा रहा है. मैं जा रहा हूं. दुबे जा रहा है, कान्हेरे जा रहा है, सब जा रहे हैं."

म्हटलं, "सर, मैं भी सामान बांध लेता हूं. जो सजा देंगे, मंजूर है."

"तुम?" साहेब ताडकन उठून उभे राहिले. "तुम कहीं नहीं जाओगे! यहां जो छोटा दफ्तर बचेगा, उसमें तुम्हें रखवा दिया है. रिटायर होने तक."

माझा कानांवर विश्वास बसेना. डोळ्यांत पाणीच आलं हो! माझे आबा, माझी सुमन, माझं इंदूर! मी टेबलाला वळसा घालून साहेबांचे पाय धरायला वाकलो. "सर, इतना बड़ा दिल! उस दिन के बाद भी..."

साहेब दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "दिल-विल कुछ नहीं, जाधव. मेरी तीन बेटियां हैं, और तीनों की बरात भोपाल आएगी."